बदकांचा सण आणि निनावी चित्रकार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदीबैल सजवून, त्याची दोरी ओढीत मुले दारोदार जातात आणि घरची मंडळी त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. आमच्या वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. पुलगावच्या गल्ल्यांतूनही त्या दिवशी लाकडी चाकांचा खडखडाट चालतो. हा सोहळा पाहताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपते. ज्याच्या नंदीवर जरीची झूल, त्याच्या हातावर नोट पडते. ज्याचा नंदी थोरल्या भावाच्या हातून आलेला, एक शिंग मोडलेला, त्याची बोळवण नाण्यावर होते. मुलांना हा हिशेब नेमका कळतो. मोठ्यांना तो दिसत नाही, आणि मुलांसाठी लिहिणाऱ्या मोठ्यांना तर मुळीच दिसत नाही. दिवाळीचा कोणताही बालविशेषांक उघडावा. ससा, कोल्हा, अस्वल सारे फराळाच्या ताटाभोवती गुण्यागोविंदाने बसलेले आढळतील. फराळाचे सामान कोणी आणले आणि ज्याला ते परवडले नाही तो प्राणी कोठे आहे, हे विचारण्याची त्या रानात पद्धत नसते.

ही पद्धत मोडणारा एक चित्रकार अमेरिकेत होऊन गेला. कार्ल बार्क्स हे त्याचे नाव. नाव अपरिचित वाटले, तरी त्याची सृष्टी आपल्या घरात येऊन गेलेली आहे. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी जी बदकांची मालिका हिंदीतून दाखविली जाई, तिच्यातील नाण्यांच्या राशीत सूर मारणारा कृपण म्हातारा ही बार्क्सची निर्मिती होय. डोनाल्ड डक हे पात्र मूळचे वॉल्ट डिस्नेच्या चित्रपटांतले. परंतु त्याला गाव, शेजारी, कर्ज आणि नातलग दिले ते बार्क्सने.

बार्क्सचा जन्म २७ मार्च १९०१ रोजी ओरेगन राज्यातील मेरिल या खेड्याजवळच्या शेतावर झाला. शेत गव्हाचे, वस्ती विरळ, शाळा एकाच खोलीची. लहानपणीच त्याला कमी ऐकू येऊ लागले. १९१६ साली आई गेली आणि शिक्षण तेथेच थांबले. पत्रद्वारा चालणाऱ्या चित्रकलेच्या वर्गाचे मोजके धडे पदरात पडले, एवढीच काय ती त्याची कलाशाळा. पुढे त्याने छापखान्यात नोकरी केली, शेतात राबला, लाकूडतोड केली, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात रिव्हेटही ठोकले. विनोदी चित्रे विकता विकता १९३१ साली तो मिनिआपोलिसच्या एका नियतकालिकात लागला आणि १९३५ च्या अखेरीस आठवड्याला २० डॉलर पगारावर डिस्नेच्या चित्रपटगृहात शिरला. चौतिसाव्या वर्षी, विशीतल्या पोरांच्या रांगेत बसून, दोन मुख्य चित्रांमधली हालचाल पूर्ण करून देण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. विनोद रचण्याची हातोटी पाहून त्याला लवकरच कथाविभागात घेण्यात आले. तेथील वातानुकूलित हवा मात्र मानवली नाही. १९४२ साली नोकरी सोडून त्याने वाळवंटाच्या कडेला सॅन हसिंतो येथे कोंबड्या पाळावयाचे ठरविले आणि जोडधंदा म्हणून चित्रकथांची पाने काढावयास घेतली. पानाला दर साडेबारा डॉलरचा. हा जोडधंदा पुढे चोवीस वर्षे चालला.

या चोवीस वर्षांत त्याने सहा हजारांहून अधिक पाने काढली. त्यांतील सणाच्या कथा मला सर्वांत मोलाच्या वाटतात. प्रकाशकाला नाताळसाठी दरवर्षी काही ना काही हवे असे. मागणी ठरलेली असली, की लेखक बहुधा हात आखडता घेतो. बार्क्सने तसे केले नाही. डिसेंबर १९४७च्या कथेत एका अवाढव्य वाड्यात एकटा बसलेला म्हातारा आपल्याला दिसतो. त्याला नाताळचा तिटकारा आहे. करमणूक म्हणून तो डोनाल्डला आणि त्याच्या तिघा भाच्यांना डोंगरातल्या आपल्या बंगलीत सणासाठी बोलावतो. हेतू एवढाच, की आपण अस्वलाचे कातडे पांघरून जावे आणि भाचा भित्रा आहे की धीट, ते पाहावे. इकडे मुलांनी तोडून आणलेल्या झाडातून अस्वलाचे खरेखुरे पिल्लू निघते आणि त्याच्यामागोमाग त्याची आई येते. घाबरून बेशुद्ध पडलेला डोनाल्ड झोपलेल्या अस्वलिणीशेजारी पडून असतो. म्हाताऱ्याला वाटते, काय हा शूर! या गैरसमजातूनच मेजवानी झडते. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ मधील नाताळकथेतल्या कंजुषाचे नाव या म्हाताऱ्याला दिलेले आहे, स्क्रूज. मात्र डिकन्सच्या स्क्रूजचे हृदयपरिवर्तन होते. बार्क्सच्या स्क्रूजचे होत नाही. एका सणाने माणूस बदलतो यावर बार्क्सचा फारसा विश्वास नसावा.

येथे नात्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्रजीत हा म्हातारा नुसता अंकल आहे. बार्क्सने स्वतःच्या सोयीसाठी मांडलेल्या वंशावळीत तो डोनाल्डच्या आईचा भाऊ, म्हणजे आपल्या हिशेबाने सख्खा मामा ठरतो. डोनाल्डही त्या तिघा पोरांचा मामाच. आपल्याकडे सुट्टी आणि मामाचे घर यांचे नाते सांगावयास नको. ज्या घरात पोरांची आई कधीच दिसत नाही आणि कर्जबाजारी मामा भाचरांचा सण साजरा करू पाहतो, त्या घराचे दुःख मराठी वाचकाला अधिक लवकर कळावे.

१९५२ च्या आरंभी आलेली शॅकटाउनची कथा बार्क्सच्या सणकथांतील शिखर होय. शाळेतून परतताना तिघे भाचे झोपडवस्तीतून येतात. तेथली मुले, तेथली दारे पाहून त्यांच्या पायांतले बळ जाते. या मुलांचा नाताळ आपण करावयाचा, असे ते ठरवतात. जेवण हवे आणि एक खेळण्यातली आगगाडी हवी. स्क्रूजमामा निम्मे पैसे देण्यास राजी होतो, पण जेवणापुरतेच. आगगाडी ही त्याच्या मते चैन. दान देणाऱ्याची ही वृत्ती आपल्याही ओळखीची आहे. गरिबाच्या मुलाने खावे, पण खेळू नये! पुढे पैशांच्या भाराने स्क्रूजच्या कोठाराची जमीनच खचते आणि सारी संपत्ती पाताळात जाते. तेथील भूमी इतकी नाजूक, की जड यंत्र नेले तर सर्वच गडप व्हावे. अखेर संपत्ती वर येते ती खेळण्यातल्या आगगाडीने, इवल्या डब्यांतून खेप-खेप करीत. पहिली खेप पोरांना बक्षीस मिळते आणि ती झोपडवस्तीकडे जाते. पुलगावहून आर्वीला जाणारी अरुंद रुळांची गाडी, जी आता बंद झाली आहे, ज्यांनी पाहिली असेल त्यांना छोट्या गाडीने मोठा भार ओढण्याची ही कल्पना विशेष भावेल. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या आमच्या गावाला सण आणि पगार यांचे नातेही कोणी समजावून द्यावयास नको.

ही कथा काढली त्या १९५१ साली बार्क्सचा दुसरा संसार मोडला होता. कथेत त्याचा मागमूस नाही; हाताने काम सोडले नाही, एवढेच दिसते.

संपादकांशी त्याचे नेहमीच पटले असे नाही. १९४५ साली त्याने नाताळची एक कथा केली. तीत डोनाल्ड बेसूर आवाजात सणाची गाणी म्हणत शेजाऱ्याला छळतो. ती पवित्र सणाला न शोभणारी म्हणून परत आली आणि कित्येक वर्षे छापली गेली नाही. १९५२ ची हॅलोविनची कथा तर तान्ह्या पोळ्याची आठवण करून देणारी आहे. तेथेही मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात, आणि डोनाल्ड त्यांच्या पिशवीत फटाके टाकून वरून पाणी ओततो. मूळ कथा डिस्नेच्याच एका लघुपटाची. बार्क्सने तिच्यात पदरची पाने घातली, ती संपादकांनी कापली. अशा वेळी तो भांडला नाही, पुढचे पान घेऊन बसला. या सोशिकपणाचे मला कौतुक वाटत नाही. ज्याच्या कथांमुळे १९५०च्या दशकाच्या आरंभी एका मासिकाचा खप ३० लाखांच्या घरात गेला, त्याला पानामागे ठरलेला दर मिळत राहिला; खपाचा वाटा नाही आणि नावही नाही. प्रत्येक पानावर वॉल्ट डिस्नेचेच नाव असे. मुलांना मात्र हात ओळखता येत होता. बदके चांगली काढणारा तो चित्रकार, एवढीच त्यांनी त्याची खूण ठेवली होती.

१९६० च्या सुमारास एका वाचकाने खटपट करून पत्ता मिळविला आणि पत्र लिहिले. बार्क्स तेव्हा साठीला टेकला होता. ते पत्र वाचून त्याला प्रथम वाटले, कोणी तरी मित्र आपली थट्टा करीत आहे. अठरा वर्षांत वाचकाचे पत्र येण्याची सवयच नव्हती.

१९६६ साली तो निवृत्त झाला. तिसरी पत्नी गॅरे ही स्वतः चित्रकार होती. तिच्या सोबतीने तो तैलरंगांत रमला, आणि डिस्नेच्या परवानगीने त्याच बदकांची चित्रे काढू लागला. ती चित्रे संग्राहकांनी चढ्या किमतीला घेतली. वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, १९९४ साली, तो प्रथमच अमेरिकेबाहेर पडला आणि युरोपातील शहरांतून सत्कार घेत फिरला. ज्या देशांची चित्रे त्याने मासिकांतील छायाचित्रांवरून काढली होती, त्यांपैकी काही त्याने तेव्हा पाहिले.

२५ ऑगस्ट २००० रोजी ओरेगनमधील ग्रँट्स पास येथे, नव्याण्णवाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्यानंतर आठवड्याच्या आतच इकडे पोळा होता. दुसऱ्या दिवशी पुलगावची मुले नंदी घेऊन नेहमीप्रमाणे बोजारा मागत फिरली.