विश्लेषण : वीस कारभार, एक महानगरपालिका... कोण होते ब्रिस्बेनचे महापौर विल्यम जॉली?

सिडनी आणि मेलबर्न या ऑस्ट्रेलियातील मोठ्या महानगरांचा कारभार आजही अनेक छोट्या-मोठ्या पालिकांमध्ये विभागलेला आहे. ब्रिस्बेन मात्र याला अपवाद. तेथील बहुतांश शहरावर एकाच महानगरपालिकेची सत्ता आहे. या प्रयोगाची पहिली सहा वर्षे सांभाळली ती विल्यम जॉली यांनी.

जॉली कोण होते?

विल्यम आल्फ्रेड जॉली यांचा जन्म 1881 मध्ये ब्रिस्बेनमध्येच झाला. पेशाने ते लेखापाल. विंडसर या उपनगराच्या पालिकेत ते नगरसेवक आणि पुढे महापौर झाले. एका उपनगराचा जमाखर्च सांभाळलेल्या या माणसाला लवकरच संपूर्ण शहराचा हिशेब मांडावा लागणार होता.

बृहन्-ब्रिस्बेन कसे घडले?

त्या काळी ब्रिस्बेन परिसरात सुमारे वीस स्थानिक संस्था होत्या. प्रत्येकीचे कर, रस्ते आणि कर्ज वेगळे. क्वीन्सलँडच्या मजूर पक्षाच्या सरकारने 1924 मध्ये कायदा करून त्या विलीन केल्या. मात्र 1925 च्या पहिल्याच निवडणुकीत मतदारांनी कौल दिला तो मजूर पक्षाच्या विरोधकांना. त्यांचे नेते जॉली बृहन्-ब्रिस्बेनचे पहिले महापौर झाले. म्हणजे कायदा एका पक्षाचा आणि त्याची अंमलबजावणी विरोधी गटाकडे!

सहा वर्षांत काय झाले?

ऑक्टोबर 1925 मध्ये नव्या पालिकेचा कारभार सुरू झाला. त्याच वर्षी ट्रामसेवा पालिकेकडे आली. तिला लागणाऱ्या विजेसाठी न्यू फार्म येथे वीजकेंद्र उभारण्यात आले. ते 1928 मध्ये सुरू झाले. पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची जबाबदारीही पालिकेने स्वीकारली. मेन या भावा-बहिणीने दिलेल्या देणगीतून पालिकेने सेंट लुसिया येथे जमीन मिळवली. तेथे आज क्वीन्सलँड विद्यापीठ आहे.

घड्याळाचा मनोरा असलेले भव्य सिटी हॉल एप्रिल 1930 मध्ये खुले झाले. खर्च सुमारे दहा लाख पौंड.

पुलाचा प्रश्न काय होता?

ब्रिस्बेन नदी शहराला दुभागते. शहराच्या मध्यभागी रस्त्याने नदी ओलांडायला व्हिक्टोरिया पूल हाच एक आधार होता. 1893 च्या महापुरात तो तुटला, तेव्हा एकाच पुलावर विसंबण्याचा धोका शहराने अनुभवला होता. जॉली यांच्या काळात ग्रे स्ट्रीट पुलाचे काम हाती घेण्यात आले. वेगवेगळ्या पालिका असताना एवढा खर्च कोणी उचलायचा हाच वाद झाला असता.

सत्ता का गेली?

एकत्रीकरणामुळे मोठी कामे शक्य झाली, पण ती कर्जावर उभी होती. तेवढ्यात जागतिक महामंदी आली. बेरोजगारी वाढली, कर भरणे नागरिकांना जड जाऊ लागले आणि पालिकेचे कर्ज टीकेचा विषय ठरले. 1931 मध्ये जॉली यांची कारकीर्द संपली. 1932 मध्ये पूल खुला झाला, तेव्हा ते महापौरपदी नव्हते.

पुढे 1937 ते 1943 या काळात ते लिली मतदारसंघाचे संघीय खासदार होते. 1943 मध्ये त्यांचा पराभव झाला. 1955 मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ग्रे स्ट्रीट पुलाला त्यांचे नाव देण्यात आले.

आज महत्त्व काय?

पालिका एक केली म्हणून सगळे प्रश्न लगेच सुटत नाहीत, हेही ब्रिस्बेनने पाहिले. शहराच्या मोठ्या भागात भुयारी गटारे पोहोचायला महापौर क्लेम जोन्स यांची 1961 ते 1975 ही कारकीर्द उजाडावी लागली. पण शहरभर गटारे टाकण्याचा निर्णय एकाच सभागृहात होऊ शकला, तो जॉली यांनी स्थिर केलेल्या व्यवस्थेमुळे. विल्यम जॉली पुलावरून आजही वाहतूक सुरू आहे.