डॉक्टर आनंदीबाई जोशी

आंबा घाट चढून आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील रोगी कोल्हापुरास ज्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत जातात, त्यास आज छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय असें म्हणतात. पूर्वीं त्याचें नांव आल्बर्ट एडवर्ड इस्पितळ असें होतें. सन १८८६ मध्यें तेथील स्त्रियांच्या विभागावर एका एकवीस वर्षांच्या मराठी बाईची नेमणूक झाली. परंतु त्या जागेवर ती एक दिवसही बसली नाहीं. आनंदीबाई जोशी हें नांव आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकलें असेल. तथापि त्यांच्या चरित्राचा एक भाग कोल्हापुरास व रत्नागिरीस काम केलेल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनशीं लागून आहे, आणि तो आमच्या मंडळ्यांत फारसा सांगण्यांत येत नाहीं.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना, घर कल्याणचें. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न पोस्टांत कारकून असलेले बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें, आणि चवदाव्या वर्षीं त्या बाळंत झाल्या. मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

त्या काळची बाळंतिणीची खोली कशी असे, हें आमच्यांतील वृद्धांनीं आपल्या आज्यांच्या तोंडून ऐकलें आहे. घरांतील सर्वांत अंधारी खोली, तिला वारा लागूं द्यावयाचा नाहीं. बाजेखालीं शेगडी, खोलीभर धूर. विटाळ म्हणून अंगाखालीं जुनींपानीं फडकीं. सुईण हातचें काम टाकून येई आणि जवळ असेल त्या विळ्यानें नाळ कापी. आठवडा भरतो न भरतो तों मूल दूध ओढीनासें होई, अंग ताठ करी आणि जाई. मग सटवाईनें नेलें असें म्हणत. तो धनुर्वात होता, आणि मळक्या विळ्यानें व मळक्या फडक्यानेंच तो नाळेंत शिरत असे, हें घरांत कोणास ठाऊक नसे. युरोपांतही फार निराळी स्थिति नव्हती. १८४७ सालीं व्हिएन्ना येथें सेमेलवाइस या डॉक्टरानें प्रसूतिगृहांत शिरण्यापूर्वीं क्लोरिनच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम केला, तेव्हां बाळंतिणींचे मृत्यु एकदम कमी झाले. तरी पुष्कळ विद्वान् वैद्यांनीं त्याचें म्हणणें मानलें नाहीं. स्वच्छ पातें, धुतलेले हात आणि गरोदर बाईस लस, एवढ्या साध्या साधनांनीं हा रोग हटला, व २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तसें भारताविषयीं जाहीर केलें. पाड्यापाड्यांतून पायपीट करणाऱ्या परिचारिका व दायांचे श्रम त्यामागें आहेत.

आनंदीबाईंच्या मनानें मात्र तेव्हांच घेतलें कीं, जवळ शिकलेली स्त्रीवैद्य असती तर आपलें बाळ वांचलें असतें. कुलीन बाई पुरुष डॉक्टरास अंगाला हात लावूं देत नसे, आणि स्त्री डॉक्टर तर आपल्या लोकांत कोणी नव्हतीच.

पुढें गोपाळरावांची बदली कोल्हापुरास झाली. तेथून १८७८ मध्यें त्यांनीं पत्नीच्या शिक्षणाकरितां साह्य मागणारें पत्र रेव्हरंड रॉयल वाइल्डर यांस अमेरिकेस पाठविलें. वाइल्डरसाहेबांनीं कोल्हापुरांत मिशनचें काम सुरू करून तेथें अनेक वर्षें घालविलीं होतीं. त्यांनीं तें पत्र आपल्या नियतकालिकांत छापलें, पण साह्याबरोबर ख्रिस्ती होण्याची अट घातली. साहेबांच्या कष्टांचें ऋण आम्ही विसरत नाहीं; तरी येथें ते चुकले असें आमचें स्पष्ट मत आहे. तान्हें मूल गमावून वैद्यक शिकूं पाहणाऱ्या मुलीस प्रथम तिचा धर्म विचारावयाचा, हें शोमरोनी मनुष्याचा दाखला ज्यांनीं ऐकला त्यांस शोभलें नाहीं.

पत्र मात्र व्यर्थ गेलें नाहीं. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या मिसेस थिओडिशिया कार्पेंटर १८८० सालीं दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तो अंक त्यांच्या हातीं पडला. या बाईनें कसलीही अट न घालतां आपलें घर देऊं केलें. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या.

१८८३ च्या आरंभीं बंगालांतील श्रीरामपूरच्या मिशन कॉलेजांत आनंदीबाईंनीं भरसभेंत भाषण करून आपला बेत सांगितला. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, असा त्यांचा निश्चय होता. हें वाचून आमच्या कांहीं बंधूंस वाईट वाटतें. आम्हांस त्यांचा सरळपणा आवडतो. भाकरीसाठीं कबूल केलेला विश्वास किती दिवस टिकतो, हें खेड्यांतील उपदेशक आमच्याहून अधिक जाणतात.

दागिने विकून भाड्याचा पैसा उभा केला. ७ एप्रिलला कलकत्ता सोडलें व ४ जूनला त्या न्यूयॉर्कास पोहोंचल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाच्या प्रमुख डॉक्टर बॉडली यांनीं त्यांस प्रवेश व शिष्यवृत्ति दिली. बर्फाच्या देशांत लुगडें नेसून व शाकाहार न सोडतां त्यांनीं अभ्यास पुरा केला. प्रकृति मात्र ढासळत गेली. पदवीसाठीं त्यांनीं लिहिलेला प्रबंध आर्य हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्रावर होता. दहा दिवसांच्या बाळाची आई दुसरा कोणता विषय घेणार? ११ मार्च १८८६ रोजीं पदवीदानसमारंभ झाला. त्यासाठीं पंडिता रमाबाई इंग्लंडाहून मुद्दाम आल्या होत्या. दोघी नात्यांतल्या. रमाबाईंनीं १८८३ सालीं बाप्तिस्मा घेतला होता, आनंदीबाई हिंदु राहिल्या होत्या. त्यामुळें त्या दिवशींच्या आनंदांत कांहीं उणें आलें नाहीं.

कोल्हापूर संस्थानचें बोलावणें आलें तेव्हां क्षयानें त्यांस धरलेंच होतें. १८८६ च्या अखेरीस त्या स्वदेशीं परतल्या, पण कोल्हापुरास रुजू होण्याची शक्ति उरली नव्हती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या वारल्या. बावीस वर्षें पुरीं होण्यास महिन्याहून थोडा अधिक काळ राहिला होता.

गोपाळरावांनीं त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठविली. न्यूयॉर्क प्रांतांत पोकिप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत ती ठेविली आहे, आणि वरच्या दगडावर आनंदीबाईंचें नांव आहे.