विश्लेषण : गिटार न वाजवणाऱ्या लिओ फेंडर यांनी इलेक्ट्रिक गिटार हलकी कशी केली?

टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या गिटार जगाला देणारे लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवायला कधीच शिकले नाहीत. शिक्षणाने हिशेबनीस, व्यवसायाने रेडिओ दुरुस्त करणारे. मग वादकाच्या खांद्यावरचे ओझे त्यांना कसे कळले?

सुरुवात कशी झाली?

फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात, संत्र्याची बाग असलेल्या कुटुंबात झाला. लहानपणीच गाठीमुळे त्यांचा डावा डोळा गेला. इलेक्ट्रॉनिक्स ते स्वतःच शिकले. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये उसन्या ६०० डॉलरवर त्यांनी फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. तिथे वादक बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येत. सोबत त्यांच्या तक्रारीही येत.

भरीव लाकूडच का?

पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज वाढवला, की बॉडी थरथरते आणि शिट्टीसारखा फीडबॅक सुरू होतो. भरीव लाकडात हा त्रास खूप कमी. भरीव गिटार आधीही बनल्या होत्या, पण लाकूड भरीव म्हटले की वजन आलेच. टेलिकास्टर १९५० मध्ये ब्रॉडकास्टर या नावाने आली. तिची बॉडी म्हणजे सुमारे साडेचार सेंटिमीटर जाडीची ॲश लाकडाची फळी. अमेरिकेच्या दक्षिणेकडील दलदलीत वाढणारे ॲश वजनाला हलके असते. नेक गोंदाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली. खराब झाली तर बदलता यावी, हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा विचार! १९५१ च्या प्रिसिजन बेसने तर माणसाएवढा डबल बेस वाहून नेण्याचा वादकांचा त्रासच संपवला.

स्ट्रॅटोकास्टरमध्ये वेगळे काय?

टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांना टोचतात, अशी वादकांची तक्रार होती. म्हणून १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मागे पोटाशी आणि पुढे कोपराखाली लाकूड तासले गेले. गिटार अंगाला बिलगली. आराखड्यात सहकारी फ्रेडी टव्हारेस यांचा मोठा वाटा होता. कारखाना असला तरी हातकाम बरेच होते. नेकच्या टोकावर कामगार पेन्सिलने तारीख लिहीत.

कंपनी का विकली?

सायनसच्या जुनाट संसर्गाने फेंडर खचले होते. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे उपचार लागू पडले, ते बरे झाले. पण कंपनी हातची गेली होती. त्यानंतर दर्जा घसरल्याचे अनेक वादकांचे मत झाले आणि विक्रीपूर्वीच्या गिटारना मागणी वाढली. फेंडर यांनी पुढे जी अँड एल ही कंपनी उभी केली. पार्किन्सनने ग्रासले असतानाही त्यांचे काम सुरूच होते. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

वजनाचा प्रश्न सुटला का?

नाही. हलके ॲश मिळेनासे होऊ लागल्यावर १९६८ मध्ये आतून पोकळ केलेली टेलिकास्टर थिनलाइन आली. २०२० मध्ये तर फेंडर कंपनीने बहुतेक नियमित मॉडेलमधून ॲशचा वापर थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. कारण, झाडे पोखरणारी कीड आणि मिसिसिपी खोऱ्यातील पूर. हाताने गिटार घडवणारे कारागीर आजही फळी आधी वजनकाट्यावर ठेवतात, मगच तिला करवत लावतात.