गावाने ज्याला फुकट्या म्हणून चिडवलं, त्याचं फुटक्या बश्यांचं घर आज फ्रान्सचा वारसा आहे

बागकामाचे रील बघत असाल तर हा प्रकार तुमच्या नजरेस पडला असेलच. साधी मातीची कुंडी घ्यायची, फुटलेल्या कपबश्या आणि उरलेल्या टाइल्सचे तुकडे तिला बाहेरून चिकटवायचे, मधल्या फटी भरायच्या आणि वर एखादं जेडचं रोप लावायचं. टाकाऊतून टिकाऊ. जुन्या बश्यांच्या अशा मोझॅकला पिकासिएत म्हणतात, आणि या नावामागे एक माणूस आहे. गंमत म्हणजे गावाने त्याला ते कौतुकाने दिलेलं नव्हतं.

हा माणूस चित्रकार नव्हता, कुंभार नव्हता की माळीही नव्हता. तो दफनभूमीत झाडू मारायचा.

त्याचं नाव रेमंड इझिदोर. जन्म 8 सप्टेंबर 1900, गाव शार्त्र. पॅरिसपासून साधारण 90 किलोमीटरवरचं हे गाव तिथल्या कॅथेड्रलसाठी ओळखलं जातं. या कॅथेड्रलच्या रंगीत काचांच्या खिडक्या 800 वर्षं जुन्या आहेत आणि त्यातल्या निळ्या रंगाला शार्त्रचा निळा असंच नाव पडलंय. म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली जगातली एक भारी कलाकृती रेमंडच्या डोळ्यांसमोर लहानपणापासूनच होती. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

बाकी त्याचं आयुष्य अगदी साधं. ओतशाळेत काम केलं, रस्ते दुरुस्तीवर राबला. 1924 मध्ये त्याने अद्रियेन नावाच्या विधवेशी लग्न केलं. ती त्याच्याहून वयाने मोठी होती आणि तिला आधीची मुलंही होती. 1930 च्या आसपास गावाच्या कडेला दफनभूमीजवळ एक तुकडा जमीन घेऊन त्याने स्वतःच्या हाताने छोटंसं घर बांधलं. रस्त्याचं नाव रु द्यु रपो, म्हणजे विसाव्याचा रस्ता. या घरात पुढे जे काही चाललं त्यात विसावा फारसा नव्हता, हा भाग वेगळा.

1938 मध्ये एकदा शेतातून फिरताना त्याला मातीत काचेचे, चिनी मातीचे तुकडे चमकताना दिसले. रंग आवडले म्हणून त्याने ते उचलले आणि घरी आणून साठवले. काही ठरवून केलेलं नव्हतं. तुकड्यांचा ढीग झाल्यावर त्यांचं करायचं काय, तर ते ओल्या सिमेंटमध्ये बसवून भिंत सजवायची, असं त्याच्या मनात आलं.

मग काय, गडी थांबेचना. उकिरडे, खाणी, लोकांनी फेकलेली फुटकी भांडी, लिलावात कवडीमोलाने निघालेले तडा गेलेले सेट, जिथे जे मिळेल ते तो घरी आणायचा. आधी खोल्यांच्या भिंती झाल्या. मग फरशी, टेबल, खुर्च्या, पलंगाची चौकट, शिवणयंत्र, रेडिओ, फुलदाण्या. स्वयंपाकाची शेगडीसुद्धा सोडली नाही. फोटो बघताना मला सारखं वाटत होतं की या सगळ्यात अद्रियेनचं काय झालं असेल? मोझॅकच्या शेगडीवर रांधायचं, मोझॅकच्या शिवणयंत्रावर शिवायचं आणि शेजाऱ्यांचं हसणं ऐकायचं. रेमंडचं वेड त्याने निवडलं होतं, तिने नाही. तरी तिने त्याच घरात संसार केला.

दुसरं महायुद्ध येऊ घातलं तेव्हा, 1939 मध्ये, बॉम्बच्या भीतीने कॅथेड्रलच्या रंगीत काचा काढून दूर सुरक्षित ठिकाणी हलवण्यात आल्या. युद्ध संपेपर्यंत गावाच्या अभिमानाच्या त्या खिडक्या रिकाम्या होत्या. त्याच वर्षांत गावाच्या दुसऱ्या टोकाला एक मजूर उकिरड्यावरचे तुकडे भिंतीत बसवत होता. या दोन गोष्टींचा थेट संबंध जोडायचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही. एवढं मात्र नक्की की त्याच्या भिंतींवर शार्त्रचं कॅथेड्रल पुन्हा पुन्हा येतं आणि त्याचा लाडका रंगही निळाच आहे.

1949 मध्ये त्याला दफनभूमीत झाडूवाल्याची नोकरी लागली. गावकऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. दिवसा मेलेल्यांच्यात झाडू मारतो आणि संध्याकाळी कचरा घरी नेतो, म्हणजे वेडाच, असा सरळ हिशोब. त्यातूनच पिकासिएत हे नाव पडलं. आसिएत म्हणजे बशी. पिक-आसिएत म्हणजे दुसऱ्याच्या ताटावर जेवणारा फुकट्या. आणि वर पिकासोच्या नावाचा टोला, की हा म्हणे बश्यांचा पिकासो. एका शब्दात तीन चिमटे. टोमणे मारण्यात शार्त्रकर पुण्याला हार जाणारे नव्हते.

घर भरल्यावर तो अंगणाकडे वळला. 1956 नंतर निवृत्ती मिळाली आणि सगळा दिवस मोकळा झाला. त्याने छोटं प्रार्थनाघर बांधलं. काळ्या तुकड्यांनी मढवलेलं एक अंगण केलं, त्यात दफनभूमीची छाया स्पष्ट दिसते. मागच्या बाजूला जेरुसलेम उभं केलं. एक सिंहासन केलं. बागेत खरी फुलं होतीच, त्यांच्या शेजारी भिंतीवर चिनी मातीची फुलं उमलली आणि कुंड्यांनाही तुकड्यांचा साज चढला. आज रीलमध्ये दिसणाऱ्या कुंडीची पणजी म्हणायला हरकत नाही.

या सगळ्याला साधारण 29,000 तास आणि 15 टन तुकडे लागले असा अंदाज सांगितला जातो.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय, आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक असतंच की. बरोबर आहे. तंत्र तेच, ओल्या सिमेंटवर तुकडे दाबायचे. पण गच्चीवर पाणी गळू नये म्हणून तुकडे लावतात, कुंडीत पाणी आतून येतं. मातीची कुंडी पाणी शोषते, ते बाहेर झिरपतं आणि तुकडे सुटतात. त्यामुळे कुंडीला आतून वॉटरप्रूफिंगचा हात द्यावा लागतो, तळाचं भोक मात्र उघडंच ठेवायचं. पांढरा फेव्हिकॉल पाण्यात टिकत नाही, टाइल्स बसवायचं सिमेंटवालं अ‍ॅडेसिव्ह लागतं. आणि बशी फोडायची ती जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावूनच.

भारतात याच जातकुळीचं नाव म्हणजे चंडीगढचे नेकचंद. तेही रस्त्यांच्या खात्यातले. त्यांनी सरकारी जमिनीवर लपूनछपून रॉक गार्डन उभारलं, त्यामुळे ते पाडलं जाण्याची टांगती तलवार होती. रेमंडची जमीन स्वतःची होती, त्याला पाडापाडीची भीती नव्हती. त्याला फक्त लोक हसत होते. यातलं सोसायला जास्त जड काय, हे सांगणं अवघड आहे.

हळूहळू बाहेरून माणसं यायला लागली. रोबेर द्वानोसारख्या नामवंत फोटोग्राफरने त्याचे आणि घराचे फोटो काढले. पण शेवटच्या काळात रेमंडचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. 1964 मध्ये एका वादळी रात्री तो घरातून बाहेर पडला आणि भरकटलेल्या अवस्थेत सापडला. त्यानंतर थोड्याच काळात, 7 सप्टेंबर 1964 रोजी, तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याला 64 वर्षं पूर्ण झाली असती.

1981 मध्ये शार्त्र नगरपालिकेने हे घर विकत घेतलं आणि 1983 मध्ये फ्रान्सने त्याला ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत घातलं. कॅथेड्रल बघायला आलेले पर्यटक आता वाट वाकडी करून रु द्यु रपोवर येतात. घराचं अधिकृत नाव मेझों पिकासिएत, म्हणजे गावाने ठेवलेलंच. गावातल्या स्वयंपाकघरांतून कधीतरी बाहेर फेकलेल्या बश्या तिथे भिंतीत आहेत, आणि त्या बघायला आता तिकीट काढावं लागतं.