बारा आणे रोजाचा माणूस : तेनसिंग नोर्गे

१९३५ साली एरिक शिप्टन एव्हरेस्टच्या पाहणी मोहिमेसाठी दार्जिलिंगमध्ये माणसे निवडत होते. रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांच्या हातात आधीच्या मोहिमांतील साहेबांनी दिलेली प्रशस्तिपत्रे होती. एका वीस वर्षांच्या तरुणाजवळ मात्र तसला कागद नव्हता. दोन वर्षांपूर्वी अशाच रांगेतून त्याला रिकाम्या हाताने परतावे लागले होते. गावाकडची लांब वेणी कापून आणि नेपाळी पेहराव करून तो शहराला साजेसा झाला होता, आणि नेमके तेच त्याच्या अंगाशी आले होते. हा शेर्पा नव्हेच, असा निवडणाऱ्यांचा समज झाला. या वेळी शेवटच्या जागा भरायच्या उरल्या असताना शिप्टन यांची नजर त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर स्थिरावली आणि तो निवडला गेला. मजुरी ठरली रोज बारा आणे. हिमरेषा ओलांडून वर गेल्यास एक रुपया.

हा तरुण म्हणजे तेनसिंग नोर्गे. पुढे अठरा वर्षांनी जगातील सर्वोच्च शिखरावर त्यांचे पाऊल पडले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बारा आणे रोजावर ओझे वाहणारा माणूस दोराच्या दुसऱ्या टोकावरचा बरोबरीचा गिर्यारोहक कसा झाला, आणि ही बरोबरी मान्य करून घेण्यासाठी त्याला काय काय सोसावे लागले, हा भाग तितकासा सांगितला जात नाही. वास्तविक चढाईइतकाच तोही खडतर होता.

त्यांचा जन्म १९१४ चा मानला जातो. शेर्पांच्या घरी तेव्हा जन्मतारखा लिहून ठेवण्याची रीत नव्हती. जन्मस्थळाविषयीही दोन मते आहेत. त्यांच्या आत्मचरित्रात नेपाळच्या सोलुखुंबू भागाचा उल्लेख येतो, तर पुढील काळातील अनेक अभ्यासक तिबेटमधील खार्ता भागाकडे बोट दाखवतात. बालपणाचा काही काळ मात्र खुंबूतील थामे गावी याक राखण्यात गेला. तेरा भावंडांतील ते अकरावे. त्यांतली बरीचशी लहानपणीच गेली. जन्मनाव नामग्याल वांगदी. रोंगबुक मठाच्या प्रमुख लामांनी ते बदलून तेनसिंग नोर्गे ठेवले. मुलाला भिक्षू करावे या हेतूने घरच्यांनी त्याला मठात धाडलेही होते. पण ते शिक्षण त्याला मानवले नाही. त्याचे मन डोक्यावर उभ्या असलेल्या चोमोलुंग्माकडे लागले होते. ज्यावरून पाखरूही उडून जाऊ शकत नाही असा तो पर्वत, असे त्याच्या आईने त्याला सांगितले होते. तेराव्या वर्षी तो पळून काठमांडूला गेला. अठराव्या वर्षी त्याने दार्जिलिंग गाठले आणि तुंगसुंग बस्तीत राहू लागला. मोहिमांना माणसे तेथूनच मिळत.

या मोहिमांचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. शिखर कोणी चढायचे, कोणी दोर बांधायचा, कोणी वाट काढायची, हे साहेबांच्या हाती. तंबू, धान्य, स्टोव्ह, प्राणवायूची नळकांडी वर पोचवायची ती शेर्पांनी. शेर्पांच्या प्रमुखाला सरदार म्हणत. आपल्याकडे या शब्दामागे घोडदळ आणि जहागिरी उभ्या राहतात. हिमालयातील सरदाराच्या वाट्याला मजुरांचा हिशेब, भांडणांचा निवाडा आणि साहेबांची बोलणी येत. १९३५ नंतर १९३६ आणि १९३८ च्या एव्हरेस्ट मोहिमांतही तेनसिंग होते. १९३८ साली टिलमन यांच्या मोहिमेत त्यांनी सुमारे ८,२९० मीटर उंचीवरील सर्वांत वरच्या छावणीपर्यंत ओझे नेले आणि हिमालयन क्लबकडून टायगर पदक मिळवले. तेथून पुढे वाट होती; पण ओझेकऱ्याने तेथून मागे फिरायचे असते.

महायुद्धाने मोहिमा थांबल्या. तेनसिंग त्या काळात चित्रळमध्ये एका ब्रिटिश मेजरांकडे कामाला होते. चार वर्षांचा मुलगा आधीच गेला होता; १९४४ मध्ये पत्नी दावा फुटीही वारल्या. पेमपेम आणि निमा या दोन लहान मुलींना घेऊन ते दार्जिलिंगला परतले आणि पुढे आंग ल्हामू यांच्याशी विवाहबद्ध झाले. ते दिवस ओढगस्तीचे होते. मोहिमा नव्हत्या आणि घर बरेचसे आंग ल्हामूंच्या कमाईवर चालत होते.

१९४७ या एकाच वर्षात त्यांच्या आयुष्यातल्या दोन अगदी वेगळ्या मोहिमा झाल्या. पहिली अर्ल डेन्मन या कॅनडाच्या माणसाबरोबर. त्याच्याकडे परवाना नव्हता, पैसा नव्हता आणि साधनेही पुरेशी नव्हती. त्याला चोरून तिबेटमार्गे एव्हरेस्टवर जायचे होते. हे वेड आहे हे कळत असूनही तेनसिंग निघाले. चोमोलुंग्माचे नाव निघाल्यावर त्यांना नकार देववत नसे. वादळाने तिघांनाही परत फिरवले. त्यानंतर काही महिन्यांतच गढवालमध्ये स्विस मोहीम झाली. केदारनाथ शिखरावर सरदार वांगदी नोर्बू कोसळून गंभीर जखमी झाले आणि त्यांना रात्रभर वरच राहावे लागले. दुसऱ्या दिवशी तेनसिंग यांच्या पुढाकाराखाली सुटकेसाठी गेलेल्या तुकडीला ते सापडले, तेव्हा आपल्याला सोडून दिले आहे या समजुतीने त्यांनी स्वतःवर सुरी चालवली होती. नोर्बू वाचले. रिकामे झालेले सरदारपद तेनसिंग यांच्याकडे आले आणि त्याच मोहिमेत ६,९४० मीटर उंचीच्या केदारनाथ शिखराच्या माथ्यावर ते स्विस मंडळींसोबत उभे राहिले. इतकी वर्षे पर्वतांवर घालवल्यानंतर मिळालेला हा खराखुरा माथा होता.

पुढे बंदरपूंछ झाले. १९५१ मध्ये नंदादेवीवर फ्रेंच मोहिमेतील दोघे गिर्यारोहक बेपत्ता झाले, तेव्हा त्यांच्या शोधात तेनसिंग लुई द्युबो यांच्यासह ७,४३४ मीटरचे नंदादेवी पूर्व शिखर चढून गेले. एव्हरेस्टपेक्षाही ही चढाई आपल्याला अवघड गेली, असे ते पुढे सांगत. जगाला मात्र तिची फारशी माहिती नाही.

१९५२ च्या वसंतातील स्विस मोहिमेने तेनसिंग यांना सरदारपदाबरोबरच मोहिमेचे पूर्ण सभासदत्व दिले. कागदोपत्री ही छोटी गोष्ट. पण आजवर ओझेकऱ्याच्या परतीची जी सीमा होती, ती त्या एका शब्दाने पुसली गेली. त्यांचा जोडीदार होता जिनिव्हाचा वाटाड्या रेमंड लांबेर. हिमदंशाने त्याच्या पायांची बोटे गेली होती. एकाला फ्रेंच येई, दुसऱ्याला नेपाळी; सामाईक भाषा म्हणून इंग्रजीचे मोजके शब्द आणि हातवारे. साउथ कोलवर ओझी पोचवताना बाकीचे शेर्पा गळाठले, तेव्हा तेनसिंग पुन्हा पुन्हा खाली उतरून सामान वर आणत राहिले. सभासद झाला म्हणून या माणसाने ओझे टाकले नव्हते.

२७ मेची रात्र तेनसिंग आणि लांबेर यांनी सुमारे ८,४०० मीटरवर एका तंबूत काढली. झोपण्याच्या पिशव्या नव्हत्या, स्टोव्ह नव्हता. मेणबत्तीच्या ज्योतीवर डब्यात बर्फ वितळवून त्यांनी घोट घोट पाणी मिळवले आणि एकमेकांना चोळत, थोपटत पहाट गाठली. प्राणवायूची यंत्रे अशी की थांबले तरच श्वास देत, चालू लागले की निरुपयोगी. तरीही ते ८,६०० मीटरच्या आसपास पोचले. माणूस त्याआधी एवढ्या उंचीवर पोचल्याची निश्चित नोंद नव्हती. माथा अडीचशे मीटर उरला होता. आणखी वर गेलो तर कदाचित पोचू, पण उतरणार नाही, हे दोघांनाही न बोलता कळले आणि ते वळले. त्याच शरद ऋतूत दोघे पुन्हा आले. त्या खेपेस कोसळत्या बर्फाने मिंग्मा दोर्जे या शेर्पाचा बळी घेतला, थंडीने मोहीम मोडली आणि तेनसिंग आजारी पडून पाटण्याच्या रुग्णालयात दाखल झाले. लांबेरने निरोप घेताना आपला लाल गळपट्टा त्यांना दिला.

म्हणूनच १९५३ मध्ये कर्नल जॉन हंट यांच्या ब्रिटिश मोहिमेचे बोलावणे आले, तेव्हा तेनसिंग यांच्या मनात ओढाताण होती. शरीर थकलेले, घरच्यांचा विरोध आणि लांबेरशिवाय जाण्याची खंत. दार्जिलिंगमधील त्यांचे मुद्रक मित्र रवींद्रनाथ मित्र यांनी एक तिरंगा त्यांच्याजवळ दिला. सरदार आणि आरोहक अशा दोन्ही नात्यांनी ते निघाले. एव्हरेस्टवरील ही त्यांची सातवी खेप. मोहिमेत इतका अनुभव दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. काठमांडूला पोचताच शेर्पांची सोय ब्रिटिश दूतावासाच्या मोटारखान्यात करण्यात आली आणि तेथे शौचालयही नव्हते. दुसऱ्या सकाळी शेर्पांनी आपला राग दूतावासासमोरच लघवी करून व्यक्त केला. स्विस तंबूत वर्षभरापूर्वी खांद्याला खांदा लावून झोपलेल्या तेनसिंग यांना ही परतफेड बोचली असणार. तरी दोन्ही बाजूंची समजूत घालत साडेतीनशेहून अधिक हमालांचा तांडा त्यांनी मार्गी लावला.

एप्रिलमध्ये खुंबूच्या हिमप्रपातात एडमंड हिलरी एका भेगेत कोसळले. मागून येणाऱ्या तेनसिंग यांनी क्षणात हिमकुऱ्हाड रोवली, तिला दोर गुंडाळून पडणे थोपवले आणि त्यांना वर घेतले. जोडी जमली ती तेथे. २६ मे रोजी बूर्डिलाँ आणि इव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतले. मग या दोघांची पाळी. २८ मेची रात्र त्यांनी सुमारे ८,५०० मीटरवर काढली. सकाळी हिलरींचे बूट गोठून लाकडासारखे झाले होते. ते स्टोव्हवर मऊ करण्यात बराच वेळ गेला. तेनसिंग बूट पायांतच ठेवून झोपले होते. साडेसहाला ते निघाले आणि साडेअकराच्या सुमारास वर चढायला काही उरले नाही.

माथ्यावर ते पंधरा मिनिटे होते. हिलरींनी काढलेल्या छायाचित्रात तेनसिंग यांच्या उंचावलेल्या हिमकुऱ्हाडीवर संयुक्त राष्ट्रे, ब्रिटन, नेपाळ आणि भारत यांचे ध्वज फडकताना दिसतात. गळ्यात लांबेरचा लाल गळपट्टा होता. बर्फात लहानसा खड्डा करून त्यांनी मिठाई आणि बिस्किटांचा नैवेद्य ठेवला, आणि त्यासोबत धाकट्या निमाने दिलेली पेन्सिल. खाली एका अंगाला तेंगबोचे मठ दिसत होता, दुसऱ्या अंगाला रोंगबुक.

खाली उतरल्यावर मात्र वेगळीच परीक्षा सुरू झाली. काठमांडूच्या वाटेवर मिरवणुकीतील फलकांवर तेनसिंग हिलरींना दोराने ओढून वर नेत असल्याची चित्रे रंगवलेली होती. आधी कोण पोचले, हा एकच प्रश्न पत्रकारांच्या तोंडी होता. नेपाळ त्यांना नेपाळी म्हणे, भारत भारतीय. आयुष्यभर ज्याला कोणी नागरिकत्व विचारले नव्हते, त्याच्यावर आता दोन देश हक्क सांगत होते. या गदारोळात वैतागलेल्या हंट यांनी तेनसिंग यांच्या तांत्रिक कौशल्याविषयी काढलेले उणे उद्गार त्यांना फार लागले. अखेर आपण जवळजवळ एकत्रच पोचलो, अशा निवेदनावर दोघांनी सह्या केल्या. पुढे १९५५ च्या आत्मचरित्रात तेनसिंग यांनी आपणहून सांगून टाकले की हिलरी दोराच्या पुढच्या टोकाला होते आणि पहिले पाऊल त्यांचे पडले. लोकांना तेनसिंगच आधी हवे असताना त्यांनी हे सांगितले, हे विसरता येत नाही. ब्रिटनने हंट आणि हिलरींना सर केले. तेनसिंग यांना जॉर्ज पदक मिळाले. या फरकावर इतरांनीच अधिक लिहिले. भारताने त्यांना १९५९ मध्ये पद्मभूषण दिले.

पंडित नेहरूंनी या माणसाचे मोल ओळखले होते. त्यांच्या आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्यापूर्वी तेनसिंग काही शेर्पा सहकाऱ्यांसह स्वित्झर्लंडला जाऊन आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्याकडे शिकून आले. चढता येणे आणि चढायला शिकवता येणे या वेगळ्या विद्या आहेत, हे ओळखून चाळिशीचा, जगप्रसिद्ध माणूस विद्यार्थी म्हणून बसला. क्षेत्र-प्रशिक्षण संचालक म्हणून त्यांनी बावीस वर्षे पश्चिम सिक्कीममधील हिमनद्यांवर भारतभरातून आलेल्या तरुणांना शिकवले. दोराची गाठ कशी मारावी, घसरल्यावर कुऱ्हाड कशी रोवावी आणि केव्हा परत फिरावे. आज सह्याद्रीचे कडे चढून दार्जिलिंगच्या मूलभूत अभ्यासक्रमाला जाणारी मराठी मुलेमुली याच वाटेने जातात. त्यांचा भाचा नवांग गोंबू १९६३ आणि १९६५ असा दोनदा एव्हरेस्टवर पोचला. तसे करणारा तो पहिला माणूस.

तेनसिंग बऱ्याच भाषा बोलत, पण लिहिणे-वाचणे शिकले नव्हते. सही तेवढी करीत. संस्थेचे प्राचार्यपद लष्करी अधिकाऱ्यांकडे राहिले. १९७६ मध्ये निवृत्ती आली. साठी उलटल्यावर, १९७८ साली, त्यांनी पदभ्रमण सहलींची स्वतःची संस्था काढली. त्याआधी १९७५ च्या आरंभी भूतानमध्ये प्रवेश मिळालेल्या पहिल्या अमेरिकन पर्यटक तुकडीचे सरदार म्हणून ते गेले होते. पुन्हा सरदार, फरक इतकाच की आता लोक पर्वताइतकेच त्यांना पाहायला येत.

आपल्या मुलांनी या धंद्यात पडू नये, असे त्यांना वाटे. मुलगा जामलिंगने एव्हरेस्टवर जाण्याची इच्छा बोलून दाखवली तेव्हा त्यांनी मदत नाकारली. मुलांवर ही पाळी येऊ नये म्हणूनच आपण चढलो, ही त्यांची भूमिका होती. जामलिंग १९९६ मध्ये माथ्यावर पोचला. ते पाहायला वडील नव्हते.

९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगमध्ये तेनसिंग यांचे निधन झाले. हिलरी तेव्हा न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत होते. ते अंत्यदर्शनाला आले. दहन संस्थेच्याच आवारात झाले. तेथे आता त्यांचा पुतळा आहे, आणि पाठीवर सामान घेतलेले प्रशिक्षणार्थी त्याच्याजवळून डोंगराकडे निघतात.