विश्लेषण : मोटारींना ‘सेल्फ’ कोणी दिला? जुन्या पिकअपसाठी स्टार्टर निवडताना केटरिंग आजही का आठवावे लागतात?

साठ-सत्तर वर्षांपूर्वीची शेव्हर्ले पिकअप जपणाऱ्या अमेरिकेतील हौशी मालकांपुढे एक प्रश्न हमखास येतो. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, जळाला तर त्याजागी कोणता बसवायचा? दुकानात एकसारखे दिसणारे अनेक स्टार्टर असतात. सर्वांत जास्त ताकदीचा घ्यावा असे वाटते, पण तो त्या गाडीला चालेलच असे नाही. शंभर वर्षांपूर्वी मोटारींना सेल्फ देणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांनीही ‘मोठी मोटर बसवा’ हा सोपा मार्ग सोडून दिला होता. त्यांनी काय केले, हे समजले की आजची निवडही सोपी होते.

चार्ल्स केटरिंग कोण होते?

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळ शेतकरी कुटुंबात झाला. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना कॉलेज मध्येच सोडावे लागले. काही काळ त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या पथकात काम केले. पुन्हा शिक्षणाकडे वळून ओहायो स्टेट विद्यापीठातून १९०४ मध्ये ते इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाले.

पहिली नोकरी डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागली. दुकानातील गल्ल्याचे यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर बसवली. ही मोटर दिवसभर चालत नसे. बटण दाबले की क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचे, एवढेच तिचे काम होते. पुढच्या शोधाचे बीज इथेच होते.

हँडल मारणे इतके धोकादायक का होते?

त्या काळी मोटार सुरू करण्यासाठी समोर हँडल घालून इंजिन फिरवावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटा झटका देई आणि हँडल हातावर किंवा तोंडावर आदळे. मनगट मोडणे ही नेहमीची दुखापत होती. ‘कार्टरकार’चे निर्माते बायरन कार्टर यांचा १९०८ मध्ये मृत्यू झाला. रस्त्यात बंद पडलेली गाडी हँडल मारून सुरू करताना झालेली दुखापत त्याला कारण ठरली आणि त्यामुळे कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड व्यथित झाले, अशी कथा मोटारविश्वात सांगितली जाते. लेलँड यांनी हे काम केटरिंग यांच्याकडे सोपवले, हे मात्र नक्की.

कोडे कसे सुटले?

स्प्रिंग, दाबलेली हवा, ॲसिटिलीन वायू असे प्रयोग आधी झाले होते. विजेवर चालणारा स्टार्टर करायचा, तर मोटर आणि बॅटरी गाडीत मावणार नाहीत, असा समज होता. इंजिन सतत फिरवत ठेवण्याएवढी मोटर खरोखरच अवजड झाली असती. पण सेल्फचे काम काही सेकंदांचे असते. जास्त विद्युतप्रवाहाने मोटर तापते, मात्र तापून जळायला वेळ लागतो. त्याआधीच काम संपत असेल, तर लहान मोटरकडून क्षमतेच्या कितीतरी पट जोर काढून घेता येतो. गल्ल्याच्या यंत्रात वापरलेले हे तत्त्व केटरिंग यांनी मोटारीत आणले आणि जोडीला गिअर देऊन मोटरचा जोर वाढवला.

सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात त्यांची मंडळी काम करत. यातूनच ‘डेल्को’ ही कंपनी उभी राहिली. १९११ च्या सुरुवातीला कॅडिलॅकवर यशस्वी चाचणी झाली आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये सेल्फ आला. सेल्फ मारताना २४ व्होल्ट, तर दिवे आणि चार्जिंगसाठी ६ व्होल्ट अशी जोडणी होती. इंजिन सुरू झाल्यावर तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करी. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला १९१९ पासून विजेचा स्टार्टर मिळू लागला. १९२५ मध्ये फोर्डने याच गाडीची कारखान्यात तयार झालेली पिकअप बाजारात आणली.

जुन्या पिकअपसाठी सेल्फ निवडताना काय पाहावे?

आधी बॅटरी, केबल आणि अर्थिंग तपासावे. सैल किंवा गंजलेल्या जोडणीमुळे चांगला सेल्फही मेल्यासारखा वागतो.

त्यानंतर व्होल्टेज. शेव्हर्ले पिकअपमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टची यंत्रणा होती, नंतर १२ व्होल्ट आले. पुढे कुणी बदल केला असेल, तर गाडीच्या वर्षावरून अंदाज न बांधता बॅटरी पाहावी.

तिसरी बाब दातांची. शेव्हर्लेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनावर १५३ किंवा १६८ दातांचे फ्लायव्हील असते. लहान फ्लायव्हीलच्या स्टार्टरचे दोन बोल्ट सरळ रेषेत, तर मोठ्याच्या स्टार्टरचे तिरके असतात. सुरुवातीच्या काही इंजिनांत स्टार्टर ब्लॉकवर नसून क्लच हाऊसिंगवर बसतो. फ्लायव्हील आणि स्टार्टरची जोडी चुकली, तर कितीही महाग सेल्फ निरुपयोगी ठरतो.

चौथी बाब अंतराची. सेल्फचे पिनियन आणि रिंग गिअर फार जवळ आले तर करकर आवाज येतो आणि पिनियन अडकू शकते. फार दूर राहिले तर दात तुटतात. हे अंतर पातळ पत्रे, म्हणजे शिम, घालून जुळवतात.

आजकाल लहान, हलके गिअर-रिडक्शन स्टार्टर मिळतात. आकार पाहून मालकांना शंका येते, पण वेगाने फिरणारी लहान मोटर आणि गिअर हाच केटरिंग यांचा मूळ मार्ग आहे. सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपजवळ अडचणीची जागा असेल, तर असा स्टार्टर सोयीचा पडतो. कोणताही सेल्फ दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सलग मारू नये आणि मध्ये थंड होऊ द्यावा. ती मोटर तेवढ्याच कामासाठी घडवलेली असते.

केटरिंग यांच्या कामाची दुसरी बाजू कोणती?

१९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. इंजिनात होणाऱ्या ठोक्यांचा, म्हणजे ‘नॉकिंग’चा, ठपका काहींनी त्यांच्याच इग्निशन यंत्रणेवर ठेवला होता. त्याचा माग घेताना त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा उपाय सापडला. शिसे विषारी असते, हे तेव्हाही ठाऊक होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे संयुग बनवताना पाच कामगारांचा बळी गेला. तरीही धंदा चालू राहिला. तो करणाऱ्या ‘एथिल’ कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगातील शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, त्याची विक्री २०२१ मध्ये थांबवली.

हँडलच्या झटक्यापासून लाखोंचे हात वाचवणाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच हवेत शिसे सोडणारे इंधन जन्मले. त्यांचे चरित्र या दोन्ही गोष्टींसह वाचावे लागते.

केटरिंग यांचे निधन २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे झाले. न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्र आणि ओहायोतील केटरिंग शहर त्यांचे नाव सांगतात. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये त्यांचे नाव क्वचितच कुणाला माहीत असेल. पण मेकॅनिक बॉनेट उघडून ‘जरा सेल्फ मारा’ म्हणतो, तेव्हा ‘सेल्फ-स्टार्टर’ या त्यांच्याच यंत्राचे अर्धे नाव तो घेत असतो.