कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, १८ जून १९११ – २८ जून १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवरील संशोधनासाठी त्या ओळखल्या जातात. विज्ञान शाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

कमला यांचा जन्म इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी मिळवून कमला यांनी त्याच संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे तत्कालीन संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री असल्याने प्रवेश नाकारला. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग पत्करल्यावर एका वर्षाच्या परिवीक्षेवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही खुले झाले. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अन्नातील प्रथिनांचा अभ्यास करून १९३६ साली एम.एस्‌सी. पूर्ण केली.

पुढे केंब्रिज विद्यापीठात बटाट्याच्या पेशींवर काम करताना वनस्पतींच्या श्वसनक्रियेतील सायटोक्रोम सी या प्रथिनाचा सहभाग त्यांनी दाखवला. या संशोधनासाठी १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्या काळी कोणत्याही प्रथिनातील अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम ज्ञात नव्हता. इन्शुलिनमधील ५१ अमिनो आम्लांचा क्रम केंब्रिजमध्येच फ्रेडरिक सँगर यांनी पुढे १९५५ पर्यंत उलगडला.

कडधान्यांतील प्रथिने

मायदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक व पुढे संचालक झाल्या.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती सहसा विशिष्ट त्रिमितीय घडीत दुमडल्यावरच आपले कार्य करू शकते. आहारातील प्रथिनांच्या साखळ्या तोडण्याचे काम आतड्यात ट्रिप्सिन हे विकर करते. कडधान्यांत मात्र ट्रिप्सिन-रोधक प्रथिनेही असतात. त्यांच्या घडीचा एक भाग ट्रिप्सिनच्या क्रियाशील खाचेत घट्ट बसतो व पचन अडते. वाल व डबल बीन यांतील असे रोधक सोहोनी यांनी सहसंशोधकासह स्फटिकरूपात वेगळे केले. हे संशोधन १९५५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुरेसे शिजवल्यास रोधकाची घडी बहुतांशी उलगडते. साखळी कायम राहते, पण आकार गेल्याने तिची रोधकशक्ती ओसरते. त्यामुळे केवळ प्रथिनांचे प्रमाण पाहून धान्याचे पोषणमूल्य ठरत नाही. वऱ्हाडात नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्यांत तूर, हरभरा व सोयाबीन ही पिके घेतली जातात. त्यांपैकी सोयाबीनमध्ये असे रोधक विशेष प्रमाणात असल्याने ते कच्चे खाणे अयोग्य ठरते. ज्यांच्या आहारात प्रथिनांचा मुख्य आधार डाळी हाच आहे, त्यांच्यासाठी या संशोधनाचे मोल मोठे आहे.

उत्तरायुष्य

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ग्राहकांच्या हितासाठी स्थापन झालेल्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’च्या त्या संस्थापक सदस्य होत्या. १९९८ साली नवी दिल्ली येथे स्वतःच्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या व त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.